वस्तीच्या बैठकीपासून जिनिव्हापर्यंत : वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कामात आपल्या माणसांना सामील करण्याची पद्धत

आंतरराष्ट्रीय परिषदेचं आमंत्रण संस्थेत आलं की पहिला प्रश्न निघतो, ‘कोण जाणार?’ उत्तर बहुधा ठरलेलंच असतं. ज्याला इंग्रजी येतं आणि ज्याच्याकडे पासपोर्ट आहे, तो जाणार. निघण्याआधी तो वस्तीत दोन-चार मुलाखती घेतो, फोटो काढतो, कुणाची तरी हकीकत लिहून नेतो. परत आल्यावर संस्थेत सादरीकरण होतं, वार्षिक अहवालात फोटो छापला जातो. ज्या बाईची हकीकत होती तिला मात्र आपल्या नावाने तिकडे काय बोललं गेलं, त्यावर सरकारने काय उत्तर दिलं, यातलं काहीच कळत नाही.

म्हणून या लेखात जिनिव्हा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकारांचं काम जिथे चालतं ते शहर, शेवटी येईल. काय बोलायचं, काय बोलायचं नाही आणि आपल्या नावाने कोणी बोलायचं, हे ज्यांच्यावर बेततं त्यांनी ठरवायचं. हा निर्णय त्यांच्या हातात राहील अशी सगळ्या कामाची रचना कशी करायची, ते मी पुण्याच्या संदर्भात सांगणार आहे. लेख लिहिताना डोळ्यांसमोर आहेत त्या छोट्या संघटना, वस्तीतली मंडळं आणि विद्यार्थी गट. ज्यांच्याकडे परदेशी निधी नाही, पण सांगण्यासारखं खूप आहे.

पुण्याला हा धागा नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिलं. तिथल्या काळ्या लोकांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली, कारण भारतातल्या अस्पृश्यांचा प्रश्नही त्याच दारात न्यावा असं त्यांच्या मनात होतं. द्यु बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिलं. आपण आज जे करतो आहोत त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

आधी चौकट पक्की करा

मुख्य आधार एकच. सर्व प्रकारचा वंशभेद नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी स्वीकारला आणि भारताने तो १९६८ मध्ये मंजूर केला. वंश, कातडीचा रंग, जन्मकूळ (ज्या कुळात जन्म झाला ते), राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून होणारा भेदभाव या कराराच्या पहिल्या कलमात येतो. त्यातलं जन्मकूळ मसुद्यात आलं ते भारताच्याच सूचनेवरून. कराराची अंमलबजावणी अठरा तज्ज्ञांची एक समिती पाहते. या समितीने २००२ मध्ये आपल्या २९ व्या सामान्य शिफारशीत स्पष्ट केलं, की जातीसारख्या जन्मावर ठरणाऱ्या उतरंडीतून होणारा भेदभाव या करारात मोडतो.

भारत सरकारची भूमिका वेगळी आहे. जात म्हणजे वंश नव्हे, म्हणून तो विषय या करारात बसत नाही, असं सरकार सांगत आलं आहे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बन इथे वंशभेदविरोधी जागतिक परिषद झाली. तिथे भारतातून गेलेल्या दलित कार्यकर्त्यांनी विषय जगासमोर मांडला, पण अंतिम जाहीरनाम्यात जातीचा उल्लेख आला नाही. हा इतिहास माहीत हवा, कारण तुमच्या निवेदनावर पहिला आक्षेप तोच येणार. ‘जात हा वंश आहे’ असं सिद्ध करायच्या फंदात पडू नका. निवेदनात पहिल्याच परिच्छेदात लिहा : कलम १, जन्मकूळ, सामान्य शिफारस २९. पुढचा वाद समितीने आधीच मिटवलेला आहे.

वस्तीत एक गोंधळ नेहमी होतो. आपल्याकडे अल्पसंख्याक म्हटलं की मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहा अधिसूचित समाज डोळ्यांसमोर येतात. वडार किंवा कैकाडी माणूस म्हणतो, ‘आम्ही तर हिंदूच, आम्ही कसले अल्पसंख्याक?’ संयुक्त राष्ट्रांचा १९९२ चा जाहीरनामा राष्ट्रीय, वांशिक, धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांबद्दल बोलतो. अल्पसंख्याकविषयक विशेष प्रतिवेदकांनी, म्हणजे या विषयावर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी, २०१६ मध्ये मानवाधिकार परिषदेला दिलेल्या अहवालाचा तर विषयच जात आणि तत्सम जन्माधारित व्यवस्था हा होता. इथल्या सरकारी यादीत नाव नसलं, तरी तिकडे बोलायला ते आड येत नाही. याच १९९२ च्या जाहीरनाम्यात, आपल्यावर परिणाम करणाऱ्या निर्णयांत भाग घेण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क दुसऱ्या कलमात मान्य केला आहे. संस्थेतल्या कुणाला वस्तीची बैठक वेळखाऊ वाटत असेल, तर हे कलम त्याच्यापुढे ठेवा.

पुण्यात कोणाकोणाला हाक मारायची

ओळखीच्या कार्यकर्त्यांना फोन करून यादी बनवली, तर नेहमीचेच चेहरे जमतात. त्याऐवजी शहरात फिरून यादी करा. वडारवाडी, हडपसरची वैदूवाडी, शहराच्या कडेला पालं टाकून राहणारी पारधी, डोंबारी, मसणजोगी कुटुंबं. कचरा वेचणाऱ्या बाया. त्यांतल्या बहुसंख्य दलित समाजातल्या आहेत आणि १९९३ पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी आहे. कोंढव्यातली मुस्लिम कुटुंबं, ज्यांना शहराच्या इतर भागांत भाड्याने घर मिळवताना आडनाव सांगितल्यावर फोन बंद होण्याचा अनुभव येतो. धर्मांतरामुळे अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर राहिलेले दलित ख्रिश्चन. ईशान्य भारतातून शिकायला आणि नोकरीला आलेली मुलं. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांच्या भीतीने यांतले हजारो जण पुणे आणि बंगळुरू सोडून गावाकडे निघाले होते. आणि आफ्रिकी देशांतून आलेले विद्यार्थी. हे शेवटचे दोन गट जातिविरोधी बैठकीत आपण क्वचितच बोलावतो. वंशभेद या शब्दाचा रोजचा, कातडीवरचा अनुभव तर त्यांच्याकडेच आहे.

एकाच बैठकीत सगळ्यांना कोंबू नका. प्रत्येक गटाची स्वतंत्र बैठक आधी, एकत्र बैठक नंतर.

गटाच्या आतही उतरंड असते. काही समाजांत जातपंचायतीचे पंच पुढे येतात आणि ‘आमच्या समाजाचं आम्ही बोलू’ म्हणतात. त्यांचा मान ठेवा, पण बायकांची आणि तरुण मुलींची बैठक वेगळी घ्या, वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी. पंचायतीने वाळीत टाकलेलं कुटुंब वस्तीत असेल तर त्यांच्याकडेही जा. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, तो अशाच लोकांसाठी. बाहेरच्या भेदभावाविरुद्ध बोलणाऱ्या गटाने आतला भेदभाव झाकला, तर त्याचं निवेदन पोकळ होतं.

बैठक कशी घ्यायची

सगळ्या कामाचा कणा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वेळ त्यांची. कचरावेचक बायांचं वर्गीकरणाचं काम दुपारपर्यंत चालतं, त्यांना दुपारनंतर सोयीचं. मजूर अड्ड्यावर उभे राहणारे सकाळी भेटणारच नाहीत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं दिवाळीनंतर गाव सोडतात. त्यांच्याशी बोलायचं तर पावसाळा गाठा. बैठकीसाठी कोणाचा रोज बुडत असेल तर तो भरून द्या आणि हा खर्च अंदाजपत्रकात ‘सहभागाचा खर्च’ म्हणून आधीच धरा. तज्ज्ञाला मानधन आणि वस्तीतल्या बाईला चहा-बिस्कीट, ही वाटणी मला मान्य नाही. माहिती दोघंही देतात.

जागा समाजमंदिराची, नाहीतर कुणाच्या तरी अंगणातली. संस्थेच्या कार्यालयात बैठक घेतली की माणसं पाहुण्यासारखी बसतात.

भाषेकडे लक्ष द्या. पारधी, कैकाडी, वडार यांच्या घरात मराठीहून वेगळ्या बोली आहेत. म्हाताऱ्या बाया मराठीत ‘हो, बरोबर’ एवढंच म्हणतात आणि त्यांच्या बोलीत तासभर बोलतात. त्या समाजातली शिकलेली एक मुलगी दुभाषी म्हणून सोबत घ्या, तिलाही मानधन द्या.

‘तुमच्यावर अन्याय होतो का?’ असा प्रश्न विचारू नका; त्याला मान हलवण्यापलीकडे उत्तर नसतं. घडलेलं विचारा. गेल्या वर्षी वस्तीतून पोलिसांनी कोणाला उचललं, किती दिवस ठेवलं, कागद दिला का? मुलाला शाळेत घालताना कोणता दाखला मागितला? घर बघायला गेलात तेव्हा मालकाने पहिला प्रश्न कोणता केला? दवाखान्यात बाळंतिणीला कसं बोलले? ‘मागच्या वर्षी चोरी झाली त्या रात्री आमच्या तिन्ही पोरांना नेलं’ हे वाक्य ‘आम्ही वंचित आहोत’ या वाक्यापेक्षा समितीच्या कितीतरी जास्त कामाचं आहे.

त्यानंतर खरं सांगा. जिनिव्हात निवेदन दिल्याने घर मिळणार नाही, खटला मिटणार नाही, दाखला हातात पडणार नाही. तिथून सरकारला प्रश्न विचारला जातो, शिफारस होते आणि ती शिफारस इथे येऊन आपण वापरायची असते. एवढंच. हे ऐकून काही जण उठून जातील. जाऊ द्या; राहतील ते समजून राहतील.

बैठकीच्या शेवटी मराठीत ठराव लिहा आणि मोठ्याने वाचून दाखवा. आम्हाला काय मांडायचं आहे, कोणती गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही, आणि आमच्या वतीने मजकुरात बदल करायचा अधिकार कोणाला, हे तिन्ही त्यात यायला हवं. तिसरा मुद्दा बहुतेक संस्था विसरतात. जिनिव्हात शेवटच्या रात्री निवेदन छोटं करावं लागतं, आणि तेव्हा कोणता परिच्छेद गाळायचा हे भलताच कोणी ठरवतो.

पुरावा : जे आपल्याकडेच पडलेलं असतं

कैकाडी समाजाचं उदाहरण घ्या. विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत. पुण्यात तेच लोक विमुक्त जातीत मोडतात. त्यामुळे अमरावतीतल्या बहिणीवर जातीवरून हल्ला झाला तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा (अ‍ॅट्रॉसिटी) लागू होतो, पुण्यातल्या भावावर झाला तर होत नाही. वडार समाज कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात नाही. जन्म एक, कलंक एक, संरक्षण मात्र हद्द ओलांडली की बदलतं. जन्मकुळावरचा भेदभाव आणि त्यावरच्या उपायातली पोकळी दाखवायला याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही, आणि तो सरकारच्याच याद्यांत छापलेला आहे.

दुसरं, जातीचा दाखला. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांचे आजोबा गावोगाव फिरत होते, त्यांनी कोणत्या गावचा उतारा आणायचा? वस्तीतल्या किती कुटुंबांकडे दाखला आहे आणि किती अर्ज नेमक्या कोणत्या कागदासाठी अडले, याचा साधा तक्ता वस्तीतल्या मुलांकडून भरून घ्या. दहावी-बारावीच्या मुली हे काम उत्तम करतात.

तिसरं, माहितीचा अधिकार. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती दर तीन महिन्यांनी एकदा तरी भरली पाहिजे. गेल्या तीन वर्षांतल्या बैठकांच्या तारखा आणि इतिवृत्तं मागा. साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल व्हायला हवं. किती गुन्ह्यांत झालं ते विचारा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, आणि उत्तर आलं नाही तर ती गोष्टही तारखेसह नोंदवून ठेवा.

नावांबद्दल कडक राहा. प्रत्येक हकीकतीला क्रमांक द्या. नावं आणि क्रमांक यांची वही एकाच विश्वासू माणसाकडे आणि वस्तीतच ठेवा. संमती दोनदा घ्या : सांगताना एकदा, मजकूर तयार झाल्यावर वाचून दाखवून पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी कोणी नको म्हटलं, तर ती हकीकत निघाली. कारण विचारायचं नाही.

कोणतं दार ठोठवायचं

दारं बरीच आहेत, पण पुण्यातल्या छोट्या गटाला मोजकीच उपयोगाची आहेत.

पहिलं म्हणजे वर सांगितलेली वंशभेदविरोधी समिती. सरकारचा अहवाल तिच्यापुढे येतो तेव्हा नागरी संघटना पर्यायी अहवाल देऊ शकतात. २००७ मध्ये भारताच्या अहवालावर चर्चा झाली तेव्हा समितीने सराईत गुन्हेगार कायदा रद्द करा आणि विमुक्त-भटक्यांचं पुनर्वसन करा असं स्पष्ट सांगितलं. धर्मांतर केलेल्या दलितांच्या सवलतींवरही शिफारस केली. अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, ३१ ऑगस्टला आपण विमुक्त दिन पाळतो, पण संशयाची नजर गेली नाही, हे तिथे नोंदलेलं आहे. ती शिफारस मराठीत आणून प्रत्येक वस्तीत वाचून दाखवण्यासारखी आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा : वैयक्तिक तक्रारींची सोय देणारं कलम १४ भारताने स्वीकारलेलं नाही, त्यामुळे एकट्या माणसाची तक्रार या समितीकडे जात नाही.

ती जाते विशेष प्रतिवेदकांकडे. वंशभेदाच्या आजच्या रूपांवर एक प्रतिवेदक आहेत, अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर दुसरे. वंशभेदाच्या पदावर २०२२ मध्ये नेमलेल्या अश्विनी के. पी. या भारतातल्याच, दलित समाजातून आलेल्या अभ्यासक आहेत. मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो. फी नाही, वकील लागत नाही, इथले सगळे न्यायालयीन मार्ग संपवण्याची अटही नाही. प्रतिवेदक सरकारला पत्र लिहितात. साधारण साठ दिवसांनी ते पत्र आणि सरकारचं उत्तर आलं असेल तर तेही प्रसिद्ध होतं. माहिती देणाऱ्या संस्थेचं नाव गुप्त राहतं, पण सरकारला जाणाऱ्या पत्रात पीडित व्यक्तीचं नाव बहुधा असतं. हे त्या व्यक्तीला आधी, नीट, घरच्यांसमोर सांगा आणि मगच अर्ज भरा.

तिसरं, सार्वत्रिक नियतकालिक आढावा. प्रत्येक देशाच्या मानवाधिकार स्थितीचा आढावा साधारण साडेचार-पाच वर्षांनी होतो. भारताचा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. संघटनेला एकटीने २,८१५ शब्दांपर्यंत आणि अनेकांनी मिळून ५,६३० शब्दांपर्यंत निवेदन देता येतं. मुदत आढाव्याच्या बरीच आधी, सहा-आठ महिने, संपते. पुण्यातल्या पाच-सहा गटांनी मिळून एक संयुक्त निवेदन करावं असं मला मनापासून वाटतं. विमुक्त, मुस्लिम, ईशान्येतली मुलं आणि कचरावेचक बाया एका कागदावर आल्या तर त्या कागदाचं वजनच वेगळं. त्यानंतर दिल्लीतल्या निवडक दूतावासांना एक-एक पानाचं टिपण पाठवा. आढाव्यात प्रश्न विचारतात ते देशच, आणि त्यांना तयार, नेमकी, एका ओळीत बसणारी शिफारस हवी असते.

चौथं, अल्पसंख्याक प्रश्नांचा मंच. दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला जिनिव्हात भरतो. इथे बोलायला संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा (संस्थेला मिळणारी अधिकृत मान्यता) लागत नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या वस्तीच्या प्रतिनिधीसाठी ही सर्वांत योग्य जागा. सल्लागार दर्जाची वाट बघत बसू नका. आंतरराष्ट्रीय दलित एकता जाळ्याने २००८ मध्ये अर्ज केला आणि त्यांना तो दर्जा मिळाला २०२२ च्या डिसेंबरात. मानवाधिकार परिषदेच्या मुख्य सत्रात बोलायचं असेल तरच तो लागतो. तेव्हा ज्या संस्थेकडे आहे तिच्याशी बोलून तिच्या नावावर वेळ मिळवा.

मजकूर मराठीत लिहा, मग भाषांतर

इंग्रजीत लिहून वस्तीत समजावून सांगणं ही उलटी गंगा आहे. आधी मराठी मजकूर पक्का करा. मग इंग्रजी भाषांतर करून घ्या. कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणचे किंवा विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी हे काम आनंदाने करतात. भाषांतर झालं की दुसऱ्याच कुणाकडून ते पुन्हा मराठीत तोंडी वाचून घ्या, बैठकीत, ठराव करणाऱ्यांसमोर. ‘असं आम्ही म्हटलंच नव्हतं’ हे वाक्य तिथेच निघतं, आणि तिथेच निघालेलं बरं.

निवेदनात तुमच्यासारखेच अनुभव असलेल्या इतर देशांतल्या समाजांशी नातं जोडा. युरोपातले भटके मानले गेलेले रोमा, जपानमधले अस्पृश्य मानले गेलेले बुराकू, मॉरिटानियातले गुलामांचे वंशज हरातीन. रोमांना जन्मतः चोर समजणारा पोलीस आणि पारध्याला जन्मतः चोर समजणारा पोलीस एकच भाषा बोलतो, आणि समितीने रोमांवर २००० मध्ये स्वतंत्र सामान्य शिफारस केलेली आहे. तिचा आधार घेतला की आपला प्रश्न ‘भारताचा अंतर्गत मामला’ एवढ्यात बंद करता येत नाही.

पैसा

परदेशी देणगी घ्यायची तर विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्था ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करू शकत नाही, म्हणून ‘मोठ्या संस्थेने घ्यावं आणि वस्तीच्या मंडळाला द्यावं’ हा जुना मार्ग बंद आहे. संयुक्त राष्ट्रांकडून थेट मिळणारा प्रवासखर्च विदेशी स्रोतात धरला जात नाही. तरीही लेखापालाला विचारून घ्या. मला स्वतःला स्थानिक वर्गणी सर्वांत भरवशाची वाटते. चौदा एप्रिलला आणि अकरा एप्रिलला जो समाज पदरमोड करून मिरवणूक काढतो, तो आपल्या प्रतिनिधीचं तिकीटही काढू शकतो, आणि मग तो प्रतिनिधी उत्तरदायी राहतो तो त्या समाजालाच.

प्रवासाचे कागद : इथेच माणसं गळतात

वस्तीतल्या प्रतिनिधीची निवड झाली त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज करा. साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये. १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी जन्मलेल्यांना जन्मदाखलाच हवा असं नाही. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन किंवा मतदार ओळखपत्र चालतं. नाव, आडनाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी आहे का ते आधी तपासा. भटक्या कुटुंबांत तीन कागदांवर तीन आडनावं सापडणं नेहमीचं आहे, आणि राजपत्रात नावबदल करायला वेळ जातो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची नोंद येते. तिने स्वित्झर्लंडच्या परिषदेला जाणं अडत नाही, घाबरू नका.

पोलीस पडताळणी ही पारधी प्रतिनिधीसाठी खरी परीक्षा. खोटा असो वा खरा, न्यायालयात फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्टसाठी त्या न्यायालयाची परवानगी आणावी लागते. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. त्यामुळे वकिलाने अर्जातच मुदत स्पष्ट मागावी. अडचण आली तर तिची तारीखवार नोंद ठेवा. वंशभेदावर बोलायला निघालेल्या माणसाला जन्मावरून आलेल्या संशयामुळे पासपोर्ट मिळत नाही, ही गोष्टच निवेदनात जाण्यासारखी आहे.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात, पण गर्दीत जास्त. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा हवा. ज्या बाईच्या बँक खात्यात शिल्लक नाही तिच्यासाठी खर्च उचलणाऱ्याचं पत्र, त्याची बँक विवरणं, मंचाचं नोंदणीपत्र आणि तिचं स्वतःचं दोन ओळींचं मराठी पत्र भाषांतरासह जोडा. बाईला एकटीला पाठवू नका. सोबत दुसरी बाई असू द्या, शक्यतो वेगळ्या समाजाची.

व्हिसा नाकारला गेला तर तिची जागा कार्यालयातल्या माणसाने आपोआप घ्यायची नाही. कोण वाचणार ते ठरावात आधीच लिहिलेलं असावं.

दोन मिनिटं

बोलायला साधारण दोन-तीन मिनिटं मिळतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत मराठी नाही, आणि हिंदीही नाही. मराठीत बोलायचं असेल तर दुभाष्याची सोय आपली आपण करायची आणि सचिवालयाला आधी विचारायचं. जमत असेल तर पहिली दोन वाक्यं तरी बाईने आपल्या बोलीत बोलावीत, उरलेलं दुभाष्याने वाचावं. एक ओळख, एक घटना, एक करार-कलम, एक मागणी. दोन मिनिटांत याहून जास्त बसत नाही. वस्तीत घड्याळ लावून सराव करा आणि मुलांना मुद्दाम मध्येच ‘वेळ संपली’ म्हणून ओरडायला सांगा. सभागृहात ध्वनिक्षेपक खरोखर बंद होतो.

सरकारचे प्रतिनिधी उत्तर देण्याचा हक्क वापरून तुमचं म्हणणं खोडू शकतात. त्याला तिथे प्रत्युत्तर देता येत नाही, हे बोलणाऱ्या बाईला आधी माहीत असलं की ती खचत नाही. परतल्यावर पोलिसांचा किंवा पंचांचा त्रास सुरू झाला तर त्याची नोंद करून उच्चायुक्त कार्यालयाला कळवा; संयुक्त राष्ट्रांशी संपर्क केल्याबद्दल होणाऱ्या सूडाच्या प्रकरणांसाठी तिथे स्वतंत्र व्यवस्था आहे.

सत्र संयुक्त राष्ट्रांच्या वेब टीव्हीवर थेट दिसतं. हिवाळ्यात जिनिव्हात सकाळचे दहा म्हणजे पुण्यात दुपारचे अडीच. समाजमंदिरात पडदा लावा आणि ठराव करणाऱ्या सगळ्यांना बोलवा.

परत आल्यावर

प्रतिनिधी घरी पोचल्यापासून पंधरा दिवसांच्या आत वस्तीची बैठक झाली पाहिजे. काय बोललो, काय गाळावं लागलं, सरकारने काय म्हटलं, खर्च किती झाला, हे सगळं फळ्यावर. जी शिफारस आली तिचं मराठी भाषांतर एका पानावर करून जिल्हाधिकारी, समाजकल्याण सहायक आयुक्त, पोलीस आयुक्त आणि मुंबईतला राज्य मानवी हक्क आयोग यांना पोच घेऊन द्या. जिल्हा दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीत तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असं लेखी मागा. आमदारांकडून अधिवेशनात तारांकित प्रश्न लावून घ्या. पोच, उत्तरं, माहिती अधिकाराचे कागद आणि ठरावाची वही एका पेटीत, वस्तीतच. पुढच्या निवेदनाचा पहिला परिच्छेद याच पेटीतून लिहायचा : मागच्या वेळी अमुक शिफारस झाली, आम्ही अमुक तारखेला ती अमुक कार्यालयाला दिली, आजपर्यंत त्यावर हे झालं आणि हे झालं नाही. पुढच्या वेळी जाणारी मुलगी आत्ताच निवडा, आणि तिच्या पासपोर्टचा अर्ज याच महिन्यात भरा.